इंजेक्शन देऊनही जनावर पुन्हा पांढरं पडतं: रक्त जातंय कुठे?

फोन साधारण असा येतो. "डॉक्टर, मागं तुम्ही ते काळं इंजेक्शन दिलं होतं, त्यानं शेळी लई भारी उठली होती. आता परत डोळे पांढरे पडलेत. तेच एक द्या की." कधी शेळीच्या जागी गाय असते, कधी नुकती व्यालेली म्हैस, कधी शहरातल्या फ्लॅटमधला लॅब्रेडॉर. मागणी मात्र तीच: मागच्या वेळी दिलं ते पुन्हा द्या.

काळं इंजेक्शन म्हणजे लोहाचं, बहुतेक वेळा आयर्न डेक्स्ट्रान किंवा आयर्न सॉर्बिटॉल. सोबत लिव्हर एक्स्ट्रॅक्ट आणि बी-कॉम्प्लेक्स. नोकरीची पहिली काही वर्षं मीही हे मन लावून दिलं. जनावर चार-आठ दिवस तरतरीत दिसायचं, मालक खूश, मी खूश, आणि महिन्याभरात तोच फोन. मग कधीतरी लक्षात आलं की मी जनावरावर नाही, डोळ्याच्या रंगावर उपचार करतोय.

रक्त कमी होतं ते तीनच वाटांनी. ते शरीराबाहेर जातं, किंवा आतल्या आत तांबड्या पेशी फुटतात, किंवा नवं रक्त तयार होत नाही. रक्त बाहेर जात असेल तर त्याबरोबर लोहही जातं, म्हणून लोहाची थोडी मदत होते. पेशी आत फुटत असतील तर त्यातलं लोह शरीरातच राहतं आणि पुन्हा वापरलं जातं. तिथं वरून लोह देण्यात काही अर्थ नाही. उलट जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात जवळपास नाही. चरणाऱ्या मोठ्या जनावराला नुसत्या आहारातून लोहाची कमतरता होणं फारच विरळा, कारण चाऱ्यात आणि चाऱ्याला चिकटलेल्या मातीत ते भरपूर असतं.

खरी लोहाची कमतरता बघायची असेल तर डुकराच्या पिलांकडे बघा. पिलू जन्मतं तेव्हा अंगात साधारण ५० मिलिग्रॅम लोह असतं, रोजची गरज ७ मिलिग्रॅमच्या वर, आणि डुकरिणीच्या दुधातून मिळतं जेमतेम १ मिलिग्रॅम. सिमेंटच्या फरशीवर माती उकरायला मिळत नाही. म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांत २०० मिलिग्रॅम लोहाचं इंजेक्शन हा तिथला पक्का नियम आहे. तो गोठ्यात तसाच उचलून आणला, तिथं आपली गफलत झाली.

शेळ्या-मेंढ्या: पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा घोटाळा

शेळी पांढरी पडली, जबड्याखाली पाण्याची थैली लोंबतेय, लेंड्या मात्र चांगल्या घट्ट आहेत. हे चित्र दिसलं की माझा पहिला संशय हिमोंकस या जंतावर. शेळीच्या चौथ्या पोटात राहतो, दीड-दोन सेंटिमीटर लांब, मादीच्या अंगावर लाल-पांढरा पीळ असतो. हगवण नसते, आणि इथंच लोक फसतात. "हगत नाही म्हणजे जंत नाहीत" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, पापणी उलटून दाखवतो.

एक ढोबळ हिशोब मांडू. एक प्रौढ जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त खातो. २५ किलोच्या शेळीत एकूण रक्त पावणेदोन लिटरच्या आसपास. पोटात हजार जंत असले, आणि हा आकडा काही फार मोठा नाही, तर रोजचे ५० मिली गेले. म्हणजे पस्तीस दिवसांत अख्ख्या शेळीएवढं रक्त जंतांनी पिऊन टाकलं. ५० मिली रक्तात सुमारे १७ मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं थोडं आतड्यात परत शोषलं जातं, ते सोडून द्या. तरी १०० मिलिग्रॅम लोहाचं इंजेक्शन आठवडाभरात गेलंच समजा. मालक म्हणतो, "आठ दिवस बरी होती." बरोबरच म्हणतो.

आणि रक्ताबरोबर प्रथिनंही जातात. जबड्याखालचं पाणी त्याचंच. ते सुई टोचून काढू नका, पोटातलं कारण गेलं की ते आपोआप ओसरतं.

पण जंताचं औषध तर पाजलं होतं, मग? इथं खरा पेच आहे आणि त्याची कारणं एकापेक्षा जास्त असतात.

पहिलं म्हणजे मात्रा. वजन डोळ्यानं धरतात आणि कळपाला सरासरी मात्रा पाजतात. मोठ्या बोकडाला ती कमी पडते. शिवाय शेळीचं शरीर बरीचशी औषधं मेंढीपेक्षा लवकर निकामी करतं. अल्बेंडाझोल-फेनबेंडाझोल गटाची मात्रा शेळीला मेंढीच्या दीडपट ते दुप्पट लागते, लिव्हॅमिसोलची दीडपट. डब्यावर 'शेळ्या-मेंढ्यांसाठी' असं एकत्र लिहून मोकळं झालेलं असतं. पण हा गुणाकार सगळीकडे लावू नका: लिव्हॅमिसोलमध्ये चूक चालत नाही, आणि क्लोझँटेलची जास्त मात्रा शेळीला आंधळी करू शकते. मात्रा डॉक्टरांकडून वजनावर ठरवून घ्या. वजनकाटा नसेल तर छातीच्या घेराची टेप चालते, अंदाज चालत नाही. गाभण राहून पहिला महिना चालू असेल तर अल्बेंडाझोल नकोच, गर्भाला धोका असतो.

दुसरं, जंतच औषधाला पुरून उरलेत. वर्षानुवर्षं तेच पांढरं औषध, दर दोन-तीन महिन्यांनी, सगळ्या कळपाला. जे जंत त्यातून वाचले त्यांचीच पिलावळ वाढली. आपल्याकडच्या कळपांत अल्बेंडाझोलचं असं झालेलं भरपूर आढळतं. औषध बदलायच्या आधी खात्री करायची असेल तर दहा-बारा शेळ्यांच्या लेंड्या थेट गुदद्वारातून घ्या, तपासायला द्या, मग औषध पाजा आणि १० ते १४ दिवसांनी त्याच शेळ्यांच्या लेंड्या पुन्हा द्या. अंड्यांची संख्या ९५ टक्क्यांहून कमी घटली असेल तर ते औषध तुमच्या गोठ्यात संपलं. तालुक्याच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक बहुधा असतो. नसेल तर जिल्ह्याला, आणि गुंतागुंतीचं काही असेल तर पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे.

तिसरं कारण रानातलं. हिमोंकसची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. उबदार ओलाव्यात आठवड्याच्या आत त्यांतून अळ्या तयार होतात आणि दवात भिजलेल्या गवताच्या पात्यावर चढतात. शेळीनं ते गवत खाल्लं की तीन आठवड्यांत पुढची पिढी अंडी घालायला लागते. म्हणजे औषध अगदी रामबाण असलं तरी त्याच गायरानात सकाळी सात वाजता कळप सोडला, तर महिन्यानं तुम्ही परत तिथंच. ऊन चढून दव वाळल्यावर सोडा, बुडख्यापर्यंत खाल्लेल्या गवतात सोडू नका, शेळीला झाडपाला जास्त मिळू द्या. मूळची ती पाला ओरबाडणारी, आपणच तिला गवत खायला लावलंय.

यावर मला सगळ्यात पटलेला उपाय दक्षिण आफ्रिकेतून आला. फॅफा मलान नावाच्या पशुवैद्यानं डोळ्याच्या खालच्या पापणीच्या आतल्या रंगावरून एक तक्ता केला. त्याच्याच नावावरून त्याला 'फमाचा' म्हणतात. १ म्हणजे लालभडक, ५ म्हणजे कागदासारखी पांढरी. वरची पापणी मिटवून बुबुळावर हलकेच दाब द्यायचा, खालची पापणी ओढायची, आणि दिसलेला रंग लगेच वाचायचा. धरून ठेवलं तर पापणी लाल होत जाते. उजेड सूर्याचा हवा, बॅटरीचा नको. ४ आणि ५ ला औषध नक्की, शेळीत ३ लाही. १ आणि २ ला नाही.

"नाही" म्हटलं की मालक अस्वस्थ होतो. पण कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात. त्यांना औषध दिलं आणि बाकीच्यांना सोडलं, तर औषधाला बळी पडणारे जंतही रानात टिकून राहतात आणि तयार झालेल्या दांडग्या जंतांची संख्या पातळ होते. सगळ्यांना पाजून दुसऱ्याच दिवशी ताज्या रानात नेणं तर सर्वांत वाईट: त्या कोऱ्या रानात फक्त दांडग्यांचीच अंडी पडतात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पापण्या बघा. जी शेळी हंगामात तीनदा औषधावर आली ती पुढच्या बाजारात काढा, तिची पाट, म्हणजे मादी करडू, ठेवू नका. धुळीनं किंवा डोळे आल्यानं पापणी लाल असेल तर तक्ता फसतो, एवढं ध्यानात ठेवा.

आता त्या इंजेक्शनचं. ४-५ वर गेलेल्या शेळीला जंताच्या योग्य औषधाबरोबर लोह दिलं तर उपयोग आहे, मी देतो. त्यासोबत पेंड वाढवा, कारण प्रथिनांशिवाय हिमोग्लोबिन बनत नाही. पापणीचा रंग चार दिवसांत बदलणार नाही, दोन-तीन आठवडे द्या. नुसती इंजेक्शनं मोजून देत बसू नका.

कोकणातल्या, भातखाचरांच्या भागातल्या मंडळींसाठी एक वेगळी ओळ. तिथं हीच पांढरी पापणी आणि हीच जबड्याखालची थैली लिव्हर फ्लूक या यकृतातल्या चपट्या जंतामुळेही येते, गोगलगायींच्या पाण्यातून. अल्बेंडाझोलच्या नेहमीच्या मात्रेनं तो मरत नाही. ऑक्सिक्लोझॅनाइड फक्त मोठे फ्लूक मारतं, ट्रायक्लाबेंडाझोल लहानही मारतं. म्हणून आधी शेण तपासा.

मेंढपाळांसाठी आणखी एक: गाईचं खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नका. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस एकदम तांबड्या पेशी फुटतात. लघवी लाल, डोळे पिवळे. तेव्हा हातात करण्यासारखं फार उरत नाही.

गाय-म्हैस: लाल लघवी आणि एकाच नावाचे तीन आजार

'गोचीड ताप' या शब्दानं जितका घोटाळा केलाय तितका कुठल्याच शब्दानं नाही. थायलेरिया, बबेसिया आणि ॲनाप्लाझ्मा हे तीन वेगळे आजार त्या एका नावाखाली येतात आणि तिघांची औषधं वेगळी आहेत. थायलेरियाला बुपार्वाक्वोन, किलोला २.५ मिलिग्रॅम. बबेसियाला डिमिनाझीन, किलोला ३.५ मिलिग्रॅम, किंवा इमिडोकार्ब. ॲनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा इमिडोकार्ब. डिमिनाझीननं थायलेरिया मरत नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिननं बबेसिया बरा होत नाही. "गोचीड तापाचं इंजेक्शन दिलं तरी उतार नाही" असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुठलं?

ओळख पटवायला औषध टोचायच्या आधी कानाच्या शिरेतून एक थेंब रक्त काचपट्टीवर ओढून घ्यायचं. आधी, हे महत्त्वाचं. टोचल्यावर घेतलेल्या पट्टीत काही दिसलं नाही तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही. लक्षणांत फरक असा: थायलेरियात संकरित गाय, ताप १०५-१०६ फॅरनहाइट, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी, लघवी सहसा साधी. बबेसियात ताप आणि कॉफीसारखी लघवी. ॲनाप्लाझ्मात पांढरेपणा, मग पिवळेपणा, पण लघवी लाल नाही.

थायलेरिया बरा झाल्यावरही गाय बरेच दिवस फिकी राहते. तिथं घाबरून दुसऱ्या आठवड्यात परत बुपार्वाक्वोन मागू नका. ताप उतरला, गाठ बसली, चारा खातेय, तर तिला वेळ द्या.

पुन्हा पुन्हा येतो त्याचं कारण मात्र बहुतेकदा भिंतीत असतं. थायलेरिया पसरवणारा हायलोमा गोचीड कात टाकायला गोठ्याच्या फटींत शिरतो. जनावरावर कितीही फवारा, विटांच्या सांध्यात त्यांची वस्ती तशीच. फटी सिमेंटनं बुजवा, भिंतीवर खालपासून हातभर उंचीपर्यंत फवारणी करा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. बबेसिया पसरवणारा गोचीड मात्र जवळपास सारं आयुष्य जनावराच्या अंगावरच काढतो, तिथं अंगावरची फवारणी कामाला येते. संकरित वासरांसाठी थायलेरियाची लस भारतात मिळते. दरवर्षी एखादं वासरू गमावणाऱ्यानं तिची चौकशी करावी. आणि ॲनाप्लाझ्मा सुईनंही पसरतो. एका सुईनं अख्खी दावण टोचायची आपली सवय त्याच्या फार सोयीची आहे.

आता माझी चूक. व्यायल्याला तीन आठवडे झालेली मुऱ्हा म्हैस, दूध दणकून, लघवी काळ्या चहासारखी. मी गोचीड ताप धरून डिमिनाझीन दिलं. थर्मामीटर पिशवीतच होतं, काढलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हैस आणखी पांढरी, धापा टाकतेय. तेव्हा ताप मोजला: १०१. तापच नव्हता, कधीच नव्हता. तिला बबेसिया नव्हताच, रक्तातलं फॉस्फरस संपलं होतं.

तांबड्या पेशीला ऊर्जा मिळते ती साखर मोडून, आणि त्या कामाला फॉस्फेट लागतं. ते संपलं की पेशीचं आवरण टिकत नाही, पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन लघवीतून वाहायला लागतं. भरपूर दूध देणारी म्हैस व्यायल्यानंतरच्या दोन-चार आठवड्यांत, कधी गाभणपणाच्या शेवटी, यात सापडते. उसाच्या पट्ट्यात हे जास्त, कारण वाढ्यात, म्हणजे उसाच्या शेंड्यांत, फॉस्फरस कमी असतं आणि हंगामात महिनोन्‌महिने वाढ्यावरच भागवलं जातं.

उपचार सोडियम ॲसिड फॉस्फेटचा. मोठ्या जनावराला ६० ग्रॅम ३०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये, शिरेतून, सावकाश. पुढच्या मात्रा कातडीखाली आणि तोंडावाटे डॉक्टर ठरवतात. कॅल्शियमच्या बाटलीत हे मिसळू नका, साका होतो. टोल्डिमफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसची टॉनिक इंजेक्शनं इथं पुरत नाहीत. बाटलीवर फॉस्फरस लिहिलेलं असतं, पण रक्ताला हवं असलेलं फॉस्फेट त्यातून त्या वेगानं मिळत नाही. 'फॉस्फरस देऊनही म्हैस सुधारली नाही' या तक्रारीत निम्म्या वेळा हेच निघतं. त्या म्हशीला फॉस्फेट दिल्यावर दोन दिवसांत लघवी निवळली. दूध मात्र त्या वेतात परत वर आलं नाही. पुढच्या वेतात पुन्हा होऊ नये म्हणून गाभणकाळाच्या शेवटच्या दोन महिन्यांपासून खनिज मिश्रण, आंबोणात गव्हाचा किंवा भाताचा कोंडा, आणि नुसत्या वाढ्यावर ठेवणं बंद.

लाल लघवीत घरी करण्यासारखी एक गोष्ट आहे. काचेच्या स्वच्छ बाटलीत लघवी धरा आणि तासभर न हलवता ठेवा. तळाला लाल गाळ बसला आणि वर पाणी निवळलं, तर तो सरळ रक्तस्राव आहे, मूत्रपिंड किंवा मूत्राशयातून. सगळी बाटली तशीच एकसारखी लाल-काळी राहिली तर पेशी आत फुटतायत. लघवी हाताळताना हातमोजे घाला. वासरांत लाल लघवी लेप्टोस्पायरा या जिवाणूमुळेही होते आणि तो माणसाला होतो.

नाशिक-नगरकडच्यांना आणखी एक प्रश्न मी विचारतोच: कांदा घातला का? भाव पडला की चाळीतला सडका कांदा जनावरांपुढे पडतो. कांद्यातली गंधकाची संयुगं तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खराब करतात, आणि काही दिवसांनी पेशी फुटतात. मध्ये दिवस गेल्यामुळे मालकाला कांदा आठवतही नाही. मेंढी-शेळी बरंच सोसते, गाईला मात्र लवकर बाधतं. यावर उतारा औषध नाही, कांदा बंद करणं हाच उपचार. थोडाच घालायचा असेल तर एकूण सुक्या खाद्याच्या चौथ्या भागाच्या आत, तोही सवय लावत लावत.

कुत्रा: थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होतं

गोदामात किंवा चाळीत उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोन या विषाचा केक ठेवला होता, कुत्र्यानं खाल्ला. तीन-चार दिवस काहीच नाही. मग हिरड्यांतून रक्त, काळी शी, किंवा छातीत रक्त साचून धाप. व्हिटॅमिन के१ दिलं, दोन दिवसांत कुत्रा उड्या मारायला लागला. मालकानं आठव्या दिवशी गोळ्या बंद केल्या. बाराव्या दिवशी पुन्हा रक्त.

हे औषध फसल्याचं उदाहरण नाही. नव्या पिढीची उंदीरनाशकं यकृतात आठवडेच्या आठवडे राहतात आणि तेवढा काळ व्हिटॅमिन के पुन्हा वापरात येऊ देत नाहीत. म्हणून के१ तीन ते चार आठवडे रोज, तुपाच्या किंवा मांसाच्या घासाबरोबर, कारण ते चरबीबरोबर कितीतरी पटीनं चांगलं शोषलं जातं. शेवटच्या गोळीनंतर ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी पीटी चाचणी करा. ती वाढलेली आली तर गोळ्या पुन्हा सुरू. ही चाचणी टाळणारे बहुतेक परत येतात.

दुकानातून आणताना लेबल वाचा. व्हिटॅमिन के३, म्हणजे मेनॅडिओन, या विषबाधेत कामाचं नाही. नाव सारखं आहे म्हणून दुकानदार ते हातात देतो. के१ शिरेतून द्यायची घाई नको, जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते. आणि ज्या कुत्र्याचं रक्त गोठत नाही त्याच्या मांडीत इंजेक्शन टोचू नका, तिथंच गोळा येईल.

या विषाचा जन्मच गुरांच्या आजारातून झाला. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बुरशी लागलेल्या स्वीट क्लोव्हरच्या वाळल्या चाऱ्यानं गुरं रक्त वाहून मरत होती. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्तानं भरलेला दुधाचा कॅन घेऊन हिमवादळातून विद्यापीठात पोचला. तिथं कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं त्या चाऱ्यातून डायकुमारॉल वेगळं काढलं, आणि त्याचाच भाऊबंद वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचं औषध म्हणून बाजारात आला.

नाकातून रक्त येणाऱ्या कुत्र्याची गोष्ट बहुतेक वेळा निराळी असते: एर्लिकिया या जिवाणूचा आजार, गोचिडातूनच. रक्तातल्या प्लेटलेट घसरतात. डॉक्सिसायक्लिन रोज किलोला १० मिलिग्रॅम, २८ दिवस. तिसऱ्या दिवशी ताप जातो, आठव्या दिवशी भूक परत येते आणि तिथंच गोळ्यांची पट्टी अर्धी ठेवली जाते. गोळी पोटभर खाण्याबरोबर आणि पाण्याबरोबर द्या. कोरडी गेली तर अन्ननलिका पोळते, आणि उलट्या झाल्या म्हणून मालक औषध बंद करतो. पूर्ण २८ दिवस देऊनही दोन महिन्यांत परत आला तर सोफ्याखाली, दाराच्या चौकटीत, भिंतीच्या खाचेत गोचीड शोधा. एकदा झाला म्हणजे पुन्हा होणार नाही, असा हा आजार नाही. डॉक्सिसायक्लिननं प्लेटलेट वाढल्या पण पांढरेपणा हटत नसेल तर सोबत बबेसिया गिब्सोनी आहे का ते बघा. त्याला डिमिनाझीन पुरत नाही, ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन दहा दिवस लागतात.

आणि इथमसायलेट, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड ही 'रक्त थांबवायची' इंजेक्शनं? ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड झालेली गुठळी लवकर विरघळू देत नाही. पण गुठळी मुळात बनतच नसेल तर ते टिकवणार काय? ना ते व्हिटॅमिन के देतं, ना प्लेटलेट. डॉबरमनमध्ये रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात फॉन विलेब्रँड आजार आढळतो, तिथं शस्त्रक्रियेआधी डेस्मोप्रेसिन देतात आणि ते काही तास काम करतं. म्हणून डॉबरमनची नसबंदी करायची असेल तर दात पडताना, नख कापताना रक्त जास्त वाहिलं होतं का, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

औषध पोचायला वेळच नसेल तर

जनावर उभं राहत नाही, श्वास भरभर, नाडी धडधडतेय, रक्तातल्या पेशींचं प्रमाण १२ टक्क्यांखाली. इथं लोह, बी-१२, सगळं निरुपयोगी, कारण नवं रक्त बनायलाच चार-पाच दिवस लागतात. रक्तच द्यावं लागतं. गाईत पहिल्या वेळी रक्तगट न जुळवताही बहुतेकदा चालतं. गोठ्यातलंच तगडं, गोचीड-जंत नसलेलं जनावर दाता म्हणून निवडतात आणि किलोमागे १० ते १५ मिली रक्त काढतात, म्हणजे ४०० किलोच्या गाईकडून चार ते सहा लिटर. शेळीला माणसांच्या रक्तपेढीतली ३५० मिलीची पिशवी सोयीची पडते. सुरुवातीची पंधरा मिनिटं थेंब अगदी हळू सोडायचे आणि थरथर, खोकला, अंगावर गांधी दिसतायत का बघत बसायचं. न जुळवलेल्या रक्तातल्या पेशी फार तर काही दिवस टिकतात. आठवड्यानंतर त्याच दात्याचं रक्त दुसऱ्यांदा दिलं तर जोराची प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून रक्त कधी दिलं आणि कुठल्या जनावराचं, हे दोन्ही कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासकट लिहून ठेवा.